शनी भिंतीत जातोय

बाई, उद्या शाळा उघडते आहे. दोन महिन्यांची सुट्टी संपली. संध्याकाळची पूजा आटोपून मी टेबलाशी बसलो आहे, तुमची दोरी समोर गुंडाळून ठेवली आहे, आणि खिडकीतून टेकडीवरचं आभाळ दिसतं आहे. ते चार दिवस झाले, असंच भरून थांबलेलं आहे. तुम्ही जाऊन पंचवीसच्या वर वर्षं झाली. सदाशिव पेठेतलं तुमचं घर पाडून तिथे इमारत झाली, खाली डोळ्यांचा दवाखाना आहे. मी तिथून जाताना अजून स्कूटर हळू करतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात आणि एखादा विचारतोच, ‘काका, मुहूर्त बघताय का?’ तुमच्या गल्लीतला माणूस तुमच्यासारखाच बोलतो, म्हणून मला राग येत नाही.

तुम्ही आमच्या गावी आलात तेव्हा मी सातवीत होतो. मांजरीच्या पलीकडचं आमचं गाव, चहूकडे ऊस, आणि उसाच्या मधोमध जिल्हा परिषदेची तीन खोल्यांची शाळा. तुम्ही रोज पुण्याहून बसने यायचात, काळी छत्री आणि खांद्याला खाकी पिशवी. पहिल्याच दिवशी तुम्ही विचारलंत, ‘वर्गात किती जण आहेत?’ आणि मी उठून म्हणालो, ‘समदी हायती, बाई.’ तुम्ही चष्म्यावरून पाहिलंत आणि म्हणालात, ‘तू आहेस हे कळलं. आता बाकीचे मोजून सांग. समदी हा आकडा मला येत नाही.’ वर्ग हसला, मीही हसलो, आणि मग मोजले. त्या दिवसापासून मला मोजायची सवय लागली. ती चांगली की वाईट, हे आज सांगता येत नाही.

त्या वर्षी माझे वडील अंथरुणाला खिळले होते आणि आमचा बैल विहिरीत पडून मेला होता. गावात ठरून गेलं, की पोराला साडेसाती आहे आणि पोरगं घराला भोवतंय. चुलत्याने उसाच्या लागणीला मला बेण्याला हात लावू दिला नाही. मुलं पाणी प्यायला माझ्या आधी धावायची, कारण माझ्यानंतर प्यायलं तर म्हणे दोष लागतो. मी कुणाला काही म्हणत नसे, कारण मलाही ते खरं वाटायचं. दर शनिवारी आई मला मारुतीच्या देवळातल्या शनीच्या शिळेपाशी न्यायची आणि माझ्या हातून तेल वाहवायची. शिळा काळी, तेलाने ओली, आणि तिला डोळे नव्हते. ती डोळ्यांशिवाय मला पाहते आहे असं वाटायचं. रात्री पांघरूण डोक्यावरून ओढलं तरी वाटायचं.

हे तुम्हाला कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला तुम्ही मला पुण्यात आणलंत, तेव्हा परीक्षा झाल्यावर घरी नेऊन जेवायला वाढलंत आणि मग स्वयंपाकघरातच खाली बसवलंत. फडताळातले डबे काढलेत, माझ्यासमोर एक ताट ठेवलंत, त्यात मधोमध एक लिंबू. म्हणालात, ‘हा सूर्य. आता याला शोभेल अशी पृथ्वी निवड.’ मी डबे उघडून उघडून पाहिले आणि साबुदाण्याचा दाणा काढला. ‘एवढी मोठी? गर्व बरा नाही,’ असं म्हणून तुम्ही रव्याचा एक कण बोटाच्या टोकावर घेतलात आणि ताटाच्या कडेला ठेवलात. ‘ही तुझी पृथ्वी. पुणे, मांजरी, ऊस, विहीर, तुझा चुलता, सगळं यात.’ गुरूला तुरीचा दाणा. आणि मग ज्वारीचा एक दाणा माझ्या तळहातावर ठेवून तुम्ही माझी मूठ मिटवलीत. ‘हा शनी. तुझ्या घरात रोज याची भाकरी होते. घाबरतोस त्याला?’

बसमधून गावी परतताना मूठ उघडली नाही, घाम येऊन दाणा तळहाताला चिकटला होता. घरी आल्यावर तो देव्हाऱ्यात ठेवला. आई म्हणाली, ‘ज्वारी का ठिवलीस रं?’ मी म्हटलं, ‘राहू दे.’ ते त्या वयातलं माझं पहिलं मोठ्या माणसासारखं वाक्य असावं.

मग आठवड्याभरात तुम्ही दोरी आणलीत. सुताची, मेण चोळलेली, ठरावीक अंतरावर गाठी मारलेली. खडकवासल्याहून येणारा कालवा आमच्या शाळेमागून जातो, त्याच्या कडेची वाट सरळ. तिथे तुम्ही दगडावर लिंबू ठेवलंत आणि सगळा वर्ग दोरीला धरून चालायला लागला. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ हे चौघे लिंबाच्या जवळच थांबले, एकमेकांना चिमटे काढत. गुरू खूप पुढे. आणि शेवटची गाठ शनीची, कारण नुसत्या डोळ्यांना दिसतो त्यातला शेवटचा तोच, म्हणून दोरीही तिथेच संपलेली. शनी व्हायला कुणी तयार नव्हतं. तुम्ही माझ्याकडे न पाहताच म्हणालात, ‘शनीची जागा भरलेली आहे. पुढे हो.’ मी चालत गेलो. इतका लांब गेलो, की तुमचा आवाज येईना. एका बाजूला कालव्याचं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस, मुठीत देव्हाऱ्यातून आणलेली ज्वारी, आणि तिकडे दूर एक पिवळा ठिपका. मला कळलं, की एवढ्या लांबचं कुणी आमच्या बैलाला विहिरीत ढकलायला येणार नाही. भीती गेली, बाई. एका दुपारीत गेली. हे मी तुम्हाला तेव्हा सांगायला हवं होतं, पण तेव्हा तुम्ही मला ओरडत होतात. मी दोरी ढिली धरली होती आणि विचारलं तर म्हणालो होतो, ‘चालतंय की.’ तुम्ही सगळ्यांना लिंबापासून पुन्हा चालायला लावलंत. ‘कुणाला चालतंय? आधी दोरी तपासायची, मग जग. ढिल्या दोरीने मोजलेल्या जगात राहणारे पुष्कळ आहेत, त्यात तुझी भर नको.’

निवृत्त होताना तुम्ही ही दोरी मला दिलीत. मी शिक्षक झालो, पुण्यातच, टेकडीच्या पायथ्याशी असलेल्या या शाळेत. आमचं मैदान तुमच्या दोरीच्या मापाने आखल्यासारखं आहे. ध्वजस्तंभाच्या कट्ट्यावर लिंबू ठेवलं, की शनीची गाठ बरोबर मागच्या दगडी भिंतीपाशी येते. भिंत उंच आहे, दोन माणसांहून जास्त, टेकडीची माती अडवायला बांधलेली. शनी झालेलं मूल भिंतीला पाठ टेकतं, दोरी छातीशी धरतं, आणि गाठ त्याच्या मुठीत येते. दरवर्षी. युरेनस आणि नेपच्यून भिंतीच्या पलीकडे, टेकडीवर कुठेतरी, त्यांच्याकडे आम्ही नुसतं बोट दाखवतो. एकदा अमावस्येला आमच्या शिपायाने कट्ट्यावर लिंबू पाहिलं आणि तो फाटकापाशीच उभा राहिला. ‘सर, उतारा कुणी ठेवला हो?’ मी म्हटलं, ‘अहो, तो सूर्य आहे.’ तो म्हणाला, ‘असेल. पण उचलणार तुम्ही.’ मी उचललं, आणि घरी जाऊन त्याचं सरबत केलं. तुम्ही असतात तर हसला असतात.

मी शनिवारी अजून मारुतीला जातो, बाई. तेलही वाहतो. हे तुम्हाला आवडलं नसतं, पण तुम्ही शनीची भीती काढलीत, देव काढला नाहीत. आता मी भीतीने जात नाही, आईच्या आठवणीने जातो. निदान यंदापर्यंत तसं होतं. शाळेत हे सगळ्यांना माहीत आहे. शनिवारी माझ्या बोटांना तेलाचा वास येतो आणि तरुण शिक्षक विचारतात, ‘काय सर, शनिदेव काय म्हणतात?’ मीही म्हणतो, ‘तुमची चौकशी करत होते.’ हे सगळं थट्टेत चालायचं. त्या थट्टेची किंमत पुढे अशी मोजावी लागेल, हे वाटलं नव्हतं.

दिवाळीनंतर सातवीचा वर्ग मैदानात नेला. शनी एक मुलगी झाली होती, स्वतःहून. वर्गात सगळ्यांत कमी बोलणारी आणि सगळ्यांत जास्त विचारणारी. मी कट्ट्यापाशी लिंबाजवळ दोरीचं टोक धरून उभा. तिने भिंतीला पाठ टेकली आणि हात वर केला. मी ओढलं तर दोरी ढिली. म्हटलं, ‘ताण.’ ती म्हणाली, ‘ताणलीय सर.’ मी ओरडलो, ‘मग गाठ हातात धर.’ तिकडून तिचा बारीक आवाज आला, ‘गाठ हातात येत नाही सर. शनी भिंतीत जातोय.’

मुलं हसली. मी दोरी तशीच कट्ट्याच्या कडीला बांधून तिच्यापर्यंत चालत गेलो. तिने दोरी भिंतीला लावून धरली होती आणि ती ताठ ठेवायची तर शनीची गाठ भिंतीच्या आत, म्हणजे तिच्या पाठीच्या पलीकडे, चार बोटं जायला हवी होती. मी तिला म्हटलं, दोरी जुनी आहे, सुताची आहे, लांबली असेल. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं, आणि मलाही नाही. शाळा सुटल्यावर खेळाच्या सरांकडून पोलादी टेप घेतला आणि दोरी व्हरांड्यात अंथरून गाठ न् गाठ मोजली. दोरी बरोबर होती. तुम्ही म्हणायचात तसं आधी दोरी तपासली, मग जग उरलं. मी पुन्हा भिंतीपाशी गेलो आणि कडेने, गाल दगडाला लावून पाहिलं. भिंतीला पोट सुटलं होतं. पाया होता तिथेच होता, पण मधल्या उंचीवर, बरोबर मुलांच्या छातीइतक्या, दगड आमच्याकडे आले होते.

मग मला एकेक गोष्ट दिसायला लागली, जी रोज समोर असून दिसली नव्हती. भिंतीत पाणी जायला छिद्रं ठेवलेली आहेत. पूर्वी पाऊस संपला तरी दिवाळीपर्यंत त्यांतून पाणी ठिबकायचं, मुलं त्याखाली पाट्या धुवायची. गेल्या दोन वर्षांत ती कोरडी आहेत. वर टेकडीला इमारत होते आहे, तिच्या पायाची माती भिंतीच्या मागे टाकलेली आहे, रोज ट्रक येतात. पाणी थांबलेलं नाही, बाई. ते नुसतं बाहेर यायचं थांबलं आहे. आणि मधल्या सुट्टीत त्या भिंतीची सावली मैदानावर पडते. पुण्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. निम्मी शाळा त्या सावलीत, भिंतीला पाठ लावून, डबा खाते.

मुख्याध्यापकांकडे गेलो. माणूस वाईट नाही, थकलेला आहे. मी म्हटलं, ‘सर, मागची भिंत पुढे येते आहे. शनीची गाठ चार बोटं आत जाते.’ त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘शनी भिंतीत जातोय, हे मी संस्थेला कुठल्या तोंडाने कळवू? राहू-केतूंचं काय म्हणणं आहे?’ मी म्हटलं, ‘मी दोरी टेपने मोजली आहे.’ ते म्हणाले, ‘सर, तुम्ही शनिवारी तेल वाहता. वाहा, माझं काही म्हणणं नाही. पण शनीची जागा वाईट आहे, असं विज्ञानाच्या शिक्षकाने म्हणायचं?’ मी समजावलं, की जागा शनीची नाही, भिंतीची आहे. वरून दोऱ्याला दगड बांधून सोडला आणि त्यांना तिथे नेऊन दाखवलं. दोरा पोटावर टेकला होता आणि खाली पायापासून लांब लोंबत होता. त्यांनी दोरा बोटाने हलवून पाहिला. मग म्हणाले, ‘जुनी भिंत आहे. पहिल्यापासून अशीच असेल.’ ‘पहिल्यापासून अशी नव्हती. दरवर्षीचा शनी साक्षीदार आहे.’ ‘मग बोलवा त्याला साक्षीला,’ ते म्हणाले. आणि आपण काय बोललो हे कळून हसले नाहीत.

संस्थेने एक इंजिनिअर पाठवला. त्याने भिंतीवर बोटाने टकटक केली, जशी कलिंगडावर करतात, फोटो काढले, ‘जुनं दगडी काम आहे, टिकाऊ असतं, तरी निरीक्षणाखाली ठेवा’ म्हणाला आणि चहा घेऊन गेला. निरीक्षण मी आधीच करत होतो. मग शाळेने पाटी लावली, ‘येथे बसू नये.’ मुलांनी तिला दप्तरं अडकवली. मी मुख्याध्यापकांना म्हटलं, पालकांना सांगू, महानगरपालिकेला लिहू. त्यांनी दार लोटून घेतलं. ‘पालकांना सांगितलंत तर उद्या शंभर दाखले काढायला येतील. आणि बाहेर परस्पर काही लिहिलंत, तर संस्था मला विचारेल आणि मी तुम्हाला विचारणार नाही, सरळ घरी बसवेन. तुमची मुलगी इंजिनिअरिंगला आहे ना? मग.’ धमकी देताना त्यांचा आवाज सल्ला दिल्यासारखा होता. आणि मी तो सल्ल्यासारखा घेतला.

त्यानंतर मी जे केलं, ते सांगायला इतका वेळ लावला.

एका सकाळी मी फक्कीचा डबा घेतला आणि भिंतीपासून बरंच अलीकडे, मैदानाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत पांढरी रेघ मारली. प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर उभा राहिलो. शनिवार होता, बोटांना तेलाचा वास होता. मी म्हणालो, ‘ही शनीची रेघ आहे. हिच्या पलीकडे शनीचं राज्य. पलीकडे बसून जो डबा खाईल, त्याच्या मागे साडेसाती लागेल, आणि ती त्याच्या एकट्याच्या नाही, घराच्या मागे लागेल.’ एवढंच. पाटीने जे झालं नाही, ते तेवढ्याने झालं. मधल्या सुट्टीत सावली रिकामी. मुलं उन्हात, डोक्यावर रुमाल घेऊन, रेघेच्या अलीकडे दाटीवाटीने बसलेली. चेंडू पलीकडे गेला तर तो तिथेच राहायचा. पाचवीतला एक मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘सर, मी काल चुकून गेलो होतो. माझे पप्पा आजारी आहेत, त्यांना काही होईल का?’ बाई, तो चेहरा मला माहीत होता. तो मी घरच्या आरशात पाहिलेला होता. मी त्याला म्हटलं, ‘चुकून गेलेल्याला काही होत नाही.’ तो गेला. त्याचा विश्वास बसला नव्हता.

तुम्ही एका दुपारीत, एका लिंबाने आणि एका दाण्याने जे माझ्या छातीतून काढलंत, ते मी तीन मिनिटांत चारशे मुलांच्या छातीत घातलं. त्यांना जगवायला घातलं. पण घातलं.

मुख्याध्यापकांनी खिडकीतून रिकामी सावली पाहिली आणि मला काही विचारलं नाही. एका आजोबांनी येऊन शाळेत अंधश्रद्धा शिकवता म्हणून तक्रार केली, तेव्हा त्यांनी त्यांना चहा पाजला आणि म्हणाले, ‘सर जरा जुन्या वळणाचे आहेत, पण मनाने चांगले.’ मी बाहेर व्हरांड्यात उभा राहून ऐकलं. तुमचा विद्यार्थी जुन्या वळणाचा ठरला.

रेघ सगळ्यांनी पाळली, एक सोडून. मार्चमध्ये एका मधल्या सुट्टीत मी गच्चीवरून पाहतो, तर सगळी शाळा रेघेच्या अलीकडे आणि त्या मोकळ्या सावलीत ती शनी झालेली मुलगी एकटी, भिंतीला पाठ लावून, छातीशी सुतळी धरलेली. कट्ट्याच्या कडीपासून तिथपर्यंत तिने आपल्या दोरीच्या मापाने गाठ मारलेली सुतळी ताणली होती. मी जिन्यावरून कसा उतरलो आठवत नाही. रेघेपाशी गेलो आणि तोंडातून गावची भाषा निघाली, ‘माघारी फिर! आधी माघारी फिर!’ ती हलली नाही. शांतपणे गाठीपाशी बोट धरून म्हणाली, ‘सर, अजून एक बोट आत गेला शनी.’ मी रेघ ओलांडली, तिचं मनगट धरलं आणि तिला ओढत आणलं. ती घाबरली होती, पण मला, शनीला नाही. मी विचारलं, ‘तुला सांगितलं होतं ना?’ ती म्हणाली, ‘हो सर. पण माझी आई म्हणते शनी देवळात असतो, शाळेच्या भिंतीपाशी कशाला येईल? आणि तुम्हीच म्हणता, आधी दोरी तपासायची, मग जग. सुतळी मी दोनदा तपासली.’

भीतीने चारशे मुलं वाचवली होती आणि ज्या एका मुलीला मी तुमचं शिकवणं नीट शिकवलं होतं, ती एकटी भिंतीखाली उभी होती.

मी तिला जिन्यावर बसवून खरं काय ते सांगितलं. माती, पाणी, कोरडी छिद्रं, पोट. तिने सगळं ऐकलं आणि विचारलं, ‘मग सगळ्यांना हेच सांगा की. भिंतीलापण घाबरतील ना. शनीला कशाला बदनाम करता?’ मी म्हटलं, ‘मोठं झाल्यावर कळेल.’ तुम्ही मला एकदाही हे वाक्य ऐकवलं नव्हतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं तुम्ही चष्म्यावरून पाहायचात. फरक एवढाच, की तिला चष्मा नाही.

सुट्टीत मी दर आठवड्याला शाळेत गेलो. शिपाई दार उघडतो आणि फाटकापाशीच उभा राहतो, तो रेघेपर्यंतही येत नाही. वळवाच्या दोन सरींनी फक्की धुऊन गेली आहे. काल दोरी लावली. चार बोटांची आता पुरती वीत झाली आहे. दगडांच्या सांध्यांतला चुना भुग्यासारखा खाली पडला आहे, आणि तरी छिद्रांतून एक थेंब नाही. उद्या पाचवीची नवी मुलं येतील. त्यांना रेघ माहीत नाही, शनी माहीत नाही. त्यांना फक्त सावली दिसेल. नाहीतर मला पुन्हा तेच बोलावं लागेल, पुन्हा कुणीतरी आजारी बापाचा मुलगा माझ्यापुढे येऊन उभा राहील.

गेल्या शनिवारी मारुतीला गेलो. तेलाची वाटी हातात घेतली आणि लक्षात आलं, की आईची आठवण आली नाही. मी मागायला आलो होतो. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काही मागत होतो. म्हटलं, देवा, पडायचीच असेल तर रविवारी पडू दे. आणि लगेच आठवलं, की रविवारी सकाळी गल्लीतली पोरं फाटकावरून उड्या मारून आत क्रिकेट खेळतात, आणि त्यांचा स्टंप भिंतीवरच काढलेला आहे. म्हटलं, मग रविवार नको, रात्री पडू दे. तर वर, भिंतीला लागूनच, इमारतीवरच्या मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या. रात्री ती सगळी माणसं तिथे झोपतात, बायकामुलांसह. भिंत गेली तर त्यांच्या खालची माती जाईल. दुपारी पडली तर आमची मुलं, रविवारी पडली तर गल्लीतली, रात्री पडली तर त्यांची. मागे लोकांची रांग होती. एक बाई म्हणाल्या, ‘अहो, आटपा. शनिदेवाला एकट्यालाच वेठीस धरलंत.’ मी तेल वाहिलं. शिळा अजून तशीच आहे, काळी, ओली. मागावी अशी एकही वेळ उरली नव्हती, म्हणून काही न मागता परत आलो.

तुम्ही असतात तर देवाबद्दल एक शब्द बोलला नसतात. विचारलं असतंत, ‘महानगरपालिकेला कळवलंस का?’ आणि मी म्हणालो असतो, ‘बाई, नोकरी.’ तुम्ही छत्री उचलली असती. ‘अस्सं. म्हणजे दोरी पुन्हा ढिली धरलीस.’

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही, आणि टाकणारही नाही. पण तुम्हाला खोटं सांगवत नाही, म्हणून सांगतो. संध्याकाळी मी तुम्हाला लिहायला बसलोच नव्हतो. मी महानगरपालिकेला तो अर्ज लिहायला बसलो होतो, माझ्या नावाने, माझ्या सहीने. कागद सरळ केला, पेन उघडलं, आणि ‘प्रति’च्या जागी पहिला शब्द लिहिला, तर तो ‘बाई’ झाला. मग मी थांबलो नाही, कारण हे सोपं होतं. आता आभाळ गडगडायला लागलं आहे. अर्जासाठी दुसरा कागद बाजूला काढून ठेवला आहे, बाई. तो अजून कोरा आहे.